रिकामी तार

रणधीरच्या डब्यातून फॉईलचा कागद परत यायचा बंद झाला, तेव्हा मला पहिली शंका आली.

आमच्याकडे फॉईल एकदा वापरून टाकत नाहीत. पोळ्या गुंडाळलेला कागद संध्याकाळी डब्यातून परत येतो, मी तो पुसून सरळ करते आणि ओट्याखालच्या खणात ठेवते. रणधीर यावरून माझी चेष्टा करायचा. "केतकी, म्हातारपणी तुझ्या सुरकुत्यापण अशाच सरळ करशील तू." आणि हाच माणूस एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आज जरा मोठा तुकडा दे. दोन दे."

"कशाला?"

"पोळ्या वातड होतात."

लग्न झाल्यापासून पोळ्यांबद्दल त्यानं अवाक्षर काढलेलं नव्हतं. मी दोन तुकडे दिले. संध्याकाळी डबा उघडला तर एकही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

फॉईल आणि लायटर घेऊन पोरं काय करतात ते मी वाचलेलं होतं. आपल्या तालुक्यातही ते आलंय म्हणे. मी त्याच्या शर्टाचा वास घेतला. माती आणि ऑईलचा होता. खिशात काळ्या चिकटपट्टीचं रीळ सापडलं. तो आमच्या लेकीला, जाईला, पायावर घेऊन झोके द्यायचा तेव्हा मी तिच्याकडे बघून हसायचे आणि नजर मात्र त्याच्या डोळ्यांवर ठेवायचे. लाल आहेत का? लाल होतेच. दिवसभर धुळीत उभं राहणाऱ्या माणसाचे डोळे लालच असतात. पण शंकेला एकदा पाय फुटले की ती काय धूळ आणि नशा वेगळी काढत बसते थोडीच.

आम्ही फलटणच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडं अमृतवेल कॉलनीत राहतो. रणधीर ड्रेनेजच्या ठेकेदाराकडं साईट सुपरवायझर आहे आणि सध्याचं काम आमच्याच कॉलनीचं होतं. घरांच्या मागून उघडं गटार वाहतं. या उन्हाळ्यात जाईला जुलाबांनी दोनदा सलाईन लावावं लागलं, तिच्या एवढ्याशा हाताला शीर सापडेना म्हणून नर्सनं पायाला सुई टोचली. तेव्हा ही पाईपलाईन कॉलनीत सगळ्यात जास्त कुणाला हवी होती तर मला. हे सांगून ठेवते, कारण पुढं मीच ती थांबवली.

दुपारी जाईला बाबागाडीत घालून मी साईटवर गेले. सहज आल्यासारखी. पाईपलाईनचा चर कॉलनीपासून निघून कालव्याच्या वळणाकडं सरकला होता आणि तिथं अकरा हजार व्होल्टची तार रस्ता ओलांडून जाते. पोकलेनचा हात खाली टेकवून ठेवलेला, ऑपरेटर मुबारकभाई सावलीत डबा खात बसलेले. पोकलेनच्या हाताच्या टोकाला, जिथं साखळी अडकवतात त्याच्या जरा वर, काहीतरी चकाकत होतं. काळ्या चिकटपट्टीनं आवळून बांधलेला चंदेरी गोळा.

माझा कागद. एका कडेला पोळीचा तेलकट डागसुद्धा दिसत होता.

"मुबारकभाई, ते काय?"

त्यांनी घास गिळला. "ते होय वहिनी? मशीनला दृष्ट लागू नये म्हणून."

"लिंबू-मिरच्या महाग झाल्या वाटतं."

ते हसले, पण रणधीर ज्या बाजूला गेला होता तिकडं एकदा बघून मग हसले. तेवढं मला पुरलं. नवरा नशा करत नव्हता. तो त्याहून वाईट काहीतरी करत होता.

त्या गोळ्याच्या आत राखण होती.

राखण म्हणजे मुठीएवढी डबी. तारांजवळ चालणाऱ्या प्रत्येक पोकलेनला आणि क्रेनला ती बसवणं आता सक्तीचं झालंय. तारेत विजेचा दाब असला की, वीज कुठं वाहत नसली तरी, तिच्या आजूबाजूच्या हवेत विद्युत क्षेत्र तयार होतं. सेकंदाला पन्नास वेळा ते उलटसुलट होत राहतं आणि तारेपासून लांब जावं तसं विरळ होत जातं. राखणीत दोन पातळ पत्रे असतात. हे क्षेत्र त्यांच्यात शिरलं की पत्र्यांवरचा भार किंचित मागंपुढं सरकतो आणि डबीला कळतं की तार जिवंत आहे. लांब असली तर शिट्टी वाजते. जवळ गेलं की मशीनचा हात तिथंच गोठतो. मग ऑपरेटरनं कितीही दांडे ओढले तरी तो फक्त खाली येतो, वर जात नाही.

हे एवढं सगळं कशासाठी? तर अकरा हजारच्या तारेला लोखंड टेकावंच लागतं असं नाही. पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. आणि त्यात मरतो तो बहुतेक वेळा केबिनमधला नव्हे. तो लोखंडी पेटीत बसलेला असतो. मरतो तो मातीत उभा राहून लटकता पाईप हातानं वळवून देणारा.

मातीत उभा राहायचा रणधीर.

बी. एस्सी.ला असताना आमच्या सरांनी वाजता रेडिओ स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं. रेडिओ गप्प. बाहेरचं क्षेत्र धातूवर येऊन संपतं, आत शिरत नाही. ही गंमत मी जाई पोटात असताना रणधीरला आमच्याच स्वयंपाकघरात करून दाखवली होती. फॉईल वापरून. आता कळलं, त्यानं किती लक्ष देऊन बघितली होती ते.

"राखणीचं तोंड बांधलंयस तू," मी घरी म्हणाले. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. घरात कॉलेजातलंच चालतं.

"खोटारडी आहे ती." तो गादीवर आडवा झाला होता, जाई त्याच्या पोटावर. "मागच्या गुरुवारी लाईट गेलेली. लाईन बंदचा मेसेज फोनवर. पाईप उचलला आणि ही बाई बोंबलायला लागली. मशीन लॉक. अख्खा दिवस पाईपाकडं बघत बसलो आम्ही. कंपनीला फोन केला तर म्हणतात, माणूस पाठवतो, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात पाऊस, केतकी. काळी माती आहे. भिजली की चर ढासळणार, आणि कॉलनीतली पोरं त्याच्या कडेनंच शाळेत जातात."

"आणि ती खरं बोलत असेल तर?"

"गुरुवारी?" तो हसला. "गुरुवारी लाईट जाते हे माझ्या आजीलापण माहीत होतं."

"अर्थिंग लावलेलं बघितलंस?"

त्यानं जाईला पोटावरून उचलून शेजारी ठेवलं. पूर्वी लाईनमन यायचा, तार तपासायचा, मग तारांना साखळी अडकवून तिचं दुसरं टोक जमिनीत गाडायचा. त्याला अर्थिंग म्हणतात. चुकून वीज आलीच तर ती सरळ मातीत जाते, माणसाच्या अंगातून जात नाही. आता ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून लांबचा स्विच उघडतात, फोनवर मेसेज येतो, आणि खांबापाशी कुणीच येत नाही.

"मागितलं मी," तो शेवटी म्हणाला. "माणूस नाही म्हणतात. आमच्या स्क्रीनवर शून्य दिसतंय, तेवढं बास झालं म्हणतात. अगं, वळणावरचे तेवढे पाईप पडले की संपलं. मग राखणीला हार घालतो."

"उद्याच्या उद्या कागद काढायचा. शपथ घे."

"काढतो."

"जाईच्या डोक्यावर हात ठेव."

"असल्या शपथा नाही घेणार मी पोरीच्या. काढतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवसापासून मी पोळ्या फडक्यात बांधून देऊ लागले. बुधवारपर्यंत त्यानं कागद मागितला नाही, आणि मी मनात म्हटलं, चला, सुधारला. गुरुवारी सकाळी तो लवकर निघून गेला. मी जाईसाठी रताळं भाजायला फॉईल काढायला गेले तर खणात फॉईलची गुंडाळीच नव्हती.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. अमुक भागाचा वीजपुरवठा देखभालीसाठी बंद. म्हणजे लाईट गेली. डोक्यावरचा पंखा मात्र फिरतच होता.

लाईट गेली हे हल्ली आमच्या कॉलनीत फोनवर वाचूनच कळतं. प्रत्येक छतावर पॅनेल आणि प्रत्येक जिन्याखाली बॅटरी आहे. पूर्वी असं असलं तरी बाहेरची लाईट गेली की घरातलं यंत्र बंदच व्हायचं, कारण त्याला ताल धरायला बाहेरची वीज लागायची. आता शेजारवीज आलीय. घराघरांतली यंत्रं आपापसात ताल धरतात, माझ्या बॅटरीतली वीज तुमच्या फ्रीजला आणि तुमची माझ्या पंख्याला. फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. बाहेरची लाईट गेली की कॉलनीच्या डीपीवरचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचं, एक दार आपोआप पडतं. दार म्हणजे मोठा स्विच. तो पडला की आमची वीज आमच्यातच राहते, बाहेरच्या तारेवर जात नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भोईटे सर भूगोलाचे रिटायर मास्तर. ते याला बेट म्हणतात. "लाईट गेली की आपलं बेट होतं बेट. चारी बाजूंनी अंधार!"

रणधीरचा फोन लागेना. पाईप उचलताना सगळ्यांचे फोन गाडीत ठेवायचे, हा नियम त्यानंच केलेला. मी स्वतःला समजावत होते: लाईन बंद आहे. मेसेज आलाय. तू शंकेखोर आहेस, आई म्हणतेच. जाईनं रताळं अंगाला फासलं होतं म्हणून तिला मोरीत नेलं आणि नळ सोडला.

नळाला धो धो पाणी आलं.

मी जाईला धुतलं, पुसलं, आणि मग हात थांबला. गुरुवारी पाणी नसतं. गुरुवारसाठी बुधवारीच भरून ठेवायचं, हे इथं राहायला आल्यावर शेजारणीनं मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. कारण पाणी ज्या विहिरीवरून येतं ती उसाच्या पलीकडं आहे, तिची मोटर वेगळ्या डीपीवर आहे, बेटाच्या बाहेर. हल्ली मात्र गुरुवारीही पाणी येत होतं. बायका भोईटे सरांचं कौतुक करत होत्या, मोठी टाकी बसवली असेल म्हणून. मीही केलं होतं. पण गच्चीवरून टाकी रोज दिसते. ती होती तेवढीच आहे.

मग मोटर कुठल्या विजेवर चालली होती?

मी जाईला कडेवर घेतलं आणि सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत नलूकाकू पलंगावर पडलेल्या, हाताला दोन नळ्या लावलेल्या, शेजारी घरच्या घरी रक्त धुण्याचं मशीन घरघरत होतं. सर खुर्चीवर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते.

"सर, गुरुवारी पाणी कसं येतं?"

"आलं ना?" त्यांचा चेहरा खुलला. "पिण्याचंपण भरून घे."

"विहिरीची मोटर पलीकडच्या डीपीवर आहे."

"होय की."

"मग तिला वीज कोण देतं?"

त्यांनी पेपर घडी केला, आवाज खाली आणला. "बाहेर बोलू नकोस. युक्ती आहे. आपल्या डीपीवरचं दार आहे ना, लाईट गेली की पडतं ते? त्याला एका वायरमनकडून पाचर मारून घेतली. आता पडत नाही. आपली वीज डीपीतून वर तारेवर चढते आणि विहिरीपाशी खाली उतरते. हिला गुरुवार चुकवून चालत नाही, आणि ह्या मशीनला पाणी लागतं टाकीभर. मी किती बादल्या आणणार जिन्यावरून?"

"वर तारेवर? अकरा हजारच्या?"

"अगं, गुरुवारी तार रिकामीच असते! रिकाम्या रस्त्यानं आपली बैलगाडी नेली, त्यात कुणाचं काय अडलं?"

डीपीला चढ-उतार दोन्ही सारखेच. बाहेरून अकरा हजार आले तर ती घरापुरते करून देते. घरातून गेले तर त्याचे पुन्हा अकरा हजार करते. ती विचारत नाही, कुणाची वीज, कोणता वार. आणि ऑफिसचा स्क्रीन बघतो तो लांबच्या उघड्या स्विचपर्यंतचंच. त्याच्या अलीकडं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ते एकाच गोष्टीला दिसलं होतं. मागच्या गुरुवारी ती बोंबलली, आणि आम्ही तिला खोटारडी म्हणालो.

"सर, त्या तारेखाली रणधीर आहे. आत्ता. पाईप उचलतायत."

"पण बंदचा मेसेज आलाय ना सगळ्यांना?"

"त्या मेसेजला तुमची पाचर माहीत नाही!"

त्यांचा रंग उतरला. बेट बंद करायचं, म्हणजे सगळ्या घरांची शेजारवीज थांबवायचं, बटण सेक्रेटरीच्या फोनवर असतं. फोन त्यांच्या हातातच होता. त्यांनी मशीनकडं बघितलं, काकूंच्या हाताकडं बघितलं. नळ्यांमधून काकूंचं रक्त बाहेर येत होतं आणि परत जात होतं.

"हिचं रक्त मशीनमध्ये आहे, केतकी. एकदम बंद केलं तर... थोडं थांब. तू तोवर रणधीरला फोन लाव."

"लागत नाही."

"मुबारकला लाव."

"सर, दाबा."

"अगं, थोडं थांब म्हणतोय मी, नाही म्हणत नाही."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली. चांगला माणूस वेळ काढत होता, आणि चांगल्या माणसानं काढलेल्या वेळात माणूस मरत नाही असं थोडंच आहे. त्यांच्या हातातून फोन हिसकावून घ्यायचा मी विचार केला. जाई कडेवर होती म्हणून एकच हात मोकळा होता.

"कोण आहे तारेखाली?" काकूंनी डोळे उघडले.

"रणधीर," मी म्हणाले.

"अहो, दाबा." काकूंचा आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता. "आणि तो दांडा घ्या हातात. नर्सनं दोनदा शिकवलंय तुम्हाला. आयुष्यभर नकाशे दाखवलेत, आता जरा हातानं काम करा."

वीज गेली तर रक्त फिरतं ठेवायला मशीनच्या बाजूला हातानं फिरवायचा दांडा होता. सरांनी बटण दाबलं. पंखा मंदावला, बाहेरच्या कुठल्या तरी घरात मिक्सर चालला होता तो थांबला, मशीन टुणटुण वाजायला लागलं. सर वाकून दांडा फिरवू लागले, हळूहळू, ओठ आवळून.

"पोरीला ठेव इथं," काकू म्हणाल्या. "माझ्या मोकळ्या हाताशी. जा तू."

ज्या बाईची वीज मी आत्ताच बंद केली होती, तिच्या पलंगावर मी माझी मुलगी ठेवली. "सर, माझा फोन आल्याशिवाय चालू करायचं नाही."

"नाही," सर म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले. ते मी मनात टिपून ठेवलं आणि त्यांची स्कूटर काढली.

वळणावर पोचले तेव्हा पोकलेनचा हात वर होता. टोकाला नवाकोरा चंदेरी गोळा, साखळीला सिमेंटचा पाईप, आणि चरात उभा राहून पाईप वळवायला दोन्ही हात वर केलेला माझा नवरा.

"रणधीर, हात काढ!"

सगळे मजूर माझ्याकडं बघायला लागले. चारचौघांत मी त्याला नावानं हाक मारलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यानंही नव्हती. म्हणूनच बहुतेक त्यानं हात काढले.

"काय झालं? जाई कुठाय?"

"तार जिवंत होती. मघापर्यंत." मी सगळं सांगितलं, पाचर, मोटर, बेट. वाक्यं एकात एक घुसत होती. मुबारकभाईंनी पाईप आणि पोकलेनचा हात खाली टेकवला आणि केबिनमधून उतरून टोकावरचा कागद टराटरा फाडला. परत चढून हात पुन्हा वर नेला, तारेच्या जवळ. अजून जवळ.

राखण गप्प होती.

एक मजूर हसला. रणधीरनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी गेले काही दिवस त्याच्या लाल डोळ्यांकडं बघत होते. मला कळलं, मी काय करून बसलेय. तार मेलेली करून तिचा खुनशीपणा सिद्ध करायला आले होते. पुरावा मीच पुसून टाकला होता.

"बरं," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, आणि तो स्वर मला जास्त लागला. "तुझंच खरं धरू. आता बेट बंद आहे ना?"

"आहे."

"म्हणजे आता तार मेलेली. राखणपण तेच म्हणते, आणि आता तिच्या अंगावर कागदपण नाही. मग दोन पाईप राहिलेत, ते आत्ताच टाकून घेतो. याच्याइतकी चांगली वेळ कुठली?"

हिशेब बरोबर होता. त्यात मला चूक काढता येईना.

"आणि सरांनी चालू केलं तर?"

"तू त्यांना सांगितलंयस ना?"

"सांगितलंय. हो म्हणालेत."

"मग? सरांवर भरवसा नाही?"

"नाही."

"मेसेजवर नाही, माझ्यावर नाही, सरांवर नाही. मग आहे कुणावर तुझा भरवसा?"

"साखळीवर. डोळ्यांसमोर जमिनीत गाडलेल्या साखळीवर. लाईनमन येऊ दे, अर्थिंग लावू दे, मग मी स्वतः पाईपाला हात लावते."

"तो येणार नाही, सांगितलं ना तुला." त्यानं पाठ फिरवली आणि चरात उतरला. "मुबारकभाई, उचला."

मुबारकभाईंनी लगेच उचललं नाही. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. मालकाच्या माणसानं सांगितलेलं, दुसरं काय करणार. पाईप जमिनीवरून सुटला. हात वर जाऊ लागला. रणधीरनं हात पुढं केला, पाईप वीतभर लांब असेल, आणि शिट्टी वाजली.

इतकी कर्कश शिट्टी मी आयुष्यात ऐकली नव्हती. पोकलेनचा हात जागीच गोठला. पाईप साखळीला थोडा झुलला आणि थांबला. रणधीरचा हात तसाच पुढं होता. तो त्या हाताकडं बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"हात खाली," मी म्हणाले. ओरडले नाही, ओरडायला आवाजच उरला नव्हता. "कशालाही टेकू नकोस. मागं सर."

तो मागं सरला. मग चरातून वर आला, गुडघ्यांवर रांगत, जाई रांगते तसा. मुबारकभाईंनी पाईप पार खाली आणून टेकवला, मशीन तारेपासून थोडं मागं घेतलं आणि उतरले. शिट्टी जरा बारीक झाली, पण थांबली नाही.

मी सरांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही. हात दुखला असेल. मशीनला काही झालं असेल. की काकूंचं पूर्ण व्हायला हवं म्हणून, तारेखाली कोण आहे हे माहीत असताना, त्यांनी बटण दाबलं? मला अजूनही माहीत नाही. त्यांनी मला विचारलं नव्हतं, एवढंच माहीत आहे.

रणधीरनं वीज ऑफिसला फोन लावला आणि फोन शिट्टीच्या दिशेनं धरला. "ऐकू येतंय? तुमच्या स्क्रीनवर शून्य आहे ना? मग ही कुणाला बघून बोंबलतीय?" पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. "साखळी घेऊन या," तो म्हणाला. "नाही आलात तर मी पाईपाला हात लावणार नाही, आणि माझा एकही माणूस लावणार नाही." फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "निघालाय म्हणे."

आम्ही सगळे चरापासून लांब, उसाच्या बांधावर जाऊन बसलो. हसलेला मजूर कुणाकडंच बघत नव्हता. रणधीर माझ्या शेजारी बसला. त्याच्या बोटांना फॉईलची चंदेरी भुकटी लागली होती, तो ती पँटला पुसत होता.

"जाई कुठाय, सांगितलं नाहीस."

"नलूकाकूंपाशी."

तो थोडा वेळ शिट्टी ऐकत राहिला. "म्हणजे ही वाजतीय तोवर त्यांचं मशीन चालू आहे."

"हो."

"वाजू दे मग."

ती वाजत राहिली. उसावरचे पक्षी केव्हाच उडून गेले होते. कुणी पाणी प्यायलं, कुणी तंबाखू मळली. मी फोन हातात धरून बसले होते आणि तो कर्कश आवाज बंद व्हावा असंही वाटत होतं आणि होऊ नये असंही.

मग शिट्टी थांबली.

एकदम सगळं शांत. मुबारकभाईंनी मान वर करून तारांकडं बघितलं. तारा होत्या तशाच होत्या.

"थांबली," ते म्हणाले.

"हं," रणधीर म्हणाला. "साखळी येऊ दे."

कुणीही उठलं नाही.